पुलाकडची वैनी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवळात गाऱ्हाणं घालताना देवालाही नाही — तिथंसुद्धा मी घरच्यांची तब्येत आणि पोरांच्या नोकऱ्या एवढंच बोलते आणि परत फिरते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर विश्वास ठेवला नसतात. आमच्या गावात माझ्या शब्दावर लोकांचा इतका भरवसा आहे, की मी स्वतःबद्दल वाईट सांगितलं तरी ते मलाच खोटं पाडतील.

आधी पुलाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

माझं घर रेल्वेच्या पुलाला लागून आहे. वरून गाडी जाते, खालून आमचा रस्ता. बांद्याहून हायवे सोडून समुद्राकडे उतरायचं तर हाच जवळचा रस्ता, आणि पूल ठेंगणा. बांधला तेव्हा बैलगाड्या आणि एखादी एसटी जात असेल, कुणाला काय माहीत पुढं एवढे ट्रक येतील! पुलाच्या अलीकडे एक लोखंडी कमान उभी केलेली होती, उंच गाडी आधी तिला अडकावी म्हणून. एका चिऱ्याच्या ट्रकनं ती कमानच उपटून नेली. परत कुणी ती लावली नाही. पुलावर रंगवलेला उंचीचा आकडा पावसानं पुसून गेला.

मग काय, ट्रक आपटायचे. घरात बसल्या बसल्या आवाजावरून मी सांगायची, कठडा घासला की टप चेपला. गवताची गाडी अडकली तर नुसता ‘फस्स’ असा आवाज यायचा आणि दिवसभर माझ्या अंगणात गवत उडत राहायचं. एकदा मंडपवाल्याच्या गाडीवरचे बांबू असे मागं फेकले गेले, की माझं तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं.

मी शिवणकाम करते. तीस वर्षं झाली. बाई समोर उभी राहिली की तिचं माप माझ्या डोळ्यांत उतरतं. टेप मी गळ्यात घालते ती गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही — बरं, सांगतेय फुशारकीच, पण खरी आहे. तर हीच नजर मी पुलाला लावली. माझ्या फाटकासमोर विजेचा खांब आहे आणि खांबाला एक लोखंडी पट्टी. एके दिवशी नवऱ्याला रेल्वेच्या भरावावर चढवून मी पुलावरून दोरी सोडायला लावली आणि मोजलं. पुलाची खालची कड आणि खांबावरची पट्टी एका उंचीला होती. मग सोपंच झालं. ट्रकवाला यायचा, रस्ता सोडून मातीत, खांबाजवळ गाडी लावायचा, आणि मी मशीनवरून न उठता सांगायची — जातलो, नाहीतर नाय जावचो.

माझं कधी चुकलं नाही. लांबून येणारे ड्रायव्हरसुद्धा विचारायचे, ती पुलाकडची वैनी खंय रवता? कुणी सावंतवाडीहून माझ्यासाठी दोऱ्याची रिळं आणायचं, कुणी देवगडहून चार आंबे ठेवून जायचं. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? गावातल्या पुरुषांना जे जमलं नाही ते एक शिवणारी बाई बसल्या जागेवरून करत होती.

रिळं आणणाऱ्यांतला एक म्हणजे बाबी.

बाबी आमच्या वाडीच्या पलीकडचा. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ड्रायव्हर होता. आधी दारू प्यायचा, चांगलीच प्यायचा. मुलगी झाली तेव्हा ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून त्यानं दारू सोडली, आणि सोडली म्हणजे खरंच सोडली. लग्नकार्यातसुद्धा हातात सोलकढीचा ग्लास घेऊन बसायचा आणि लोक त्याची चेष्टा करायचे. मितभाषी माणूस. गाडी हळू चालवायचा. माझ्या फाटकात यायचा तो चपला बाहेर काढून. त्याची बायको मंगल माझं गिऱ्हाईक — तिचे ब्लाऊज, मुलीचे शाळेचे फ्रॉक सगळं माझ्याकडे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर नवीन डांबर पडलं होतं. जुन्यावर नवीन, नेहमी करतात तसं. शेजारचे तात्या, त्यांची काजूची बाग आहे, कुंपणावरून म्हणाले, “वैनी, रस्तो वर इलो हा. आता तुमचा माप बदलला.”

मी हसले. “तात्यानू, तुमी तुमचे काजू बघा.”

ते बरोबर होते. मला समजलंही होतं, लगेच समजलं होतं, शिवणारीला असं समजतं. माझ्या खांबाजवळची माती होती तिथंच होती आणि पुलाखालचा रस्ता वर आला होता. म्हणजे पट्टीला हिशेब लागू नाही. उठून टेप घेऊन पुलापर्यंत जायचं, एवढंच काम. पण तात्यांनी सांगितल्यावर जायचं? कुंपणावरून ते बघत असताना?

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास बाबी आला. गाडीवर नवी कोरी होडी होती. फायबरची, निळी, गोव्याहून निघालेली. मालवणकडच्या एका मच्छीमाराची. पुढच्या टोकाला, नाळेला झेंडूचा हार. मागून होडीवाला मोटारसायकलवर, त्याच्या मागं त्याचे म्हातारे वडील, हातात नारळाची पिशवी धरून. तीन भावांनी मिळून घेतलेली होडी होती ती.

बाबीनं गाडी खांबाजवळ लावली. मी बघितलं. नाळ पट्टीच्या खाली होती — जेमतेम.

तो खाली उतरला आणि गाडीच्या बाजूला बांधलेली, उंची मोजायची वेळूची काठी सोडायला लागला. म्हणाला, “वैनी, आज वायच काठी लावन बघतंय. लोकाची होडी आसा.”

एवढं साधं बोलला. आणि मला राग आला. होडीवाला बघत होता, त्याचा बाप बघत होता, तात्या कुंपणाशी उभे होते. इतकी वर्षं माझ्या शब्दावर गाड्या नेल्या आणि आज काठी?

मी मशीनवरून उठून पायरीवर आले आणि मोठ्यानं म्हटलं, “काठी कित्याक? मिया बघतंय मा! जा बिनधास. चार बोटां मोकळी आसत.”

त्यानं काठी परत बांधली. मान हलवली आणि गाडीत चढला.

चार बोटं मोकळी होती, हे खरंच आहे. डांबर पाच बोटं होतं.

तो आवाज मी नाही सांगत. पत्र्याचा आवाज वेगळा, बांबूचा वेगळा, हा वेगळाच होता. नाळ अडकली, गाडी पुढं गेली, दोर तुटले आणि होडी मागं सरकून रस्त्यावर आपटली. मध्येच चिरली. होडीवाला मोटारसायकल टाकून बाजूला झाला म्हणून वाचला. म्हातारा आधीच मोटारसायकलवरून उतरला होता, तो रस्त्यावर बसला तो उठेच ना. नारळाची पिशवी तशीच मांडीवर.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल, एवढीच चूक — गर्वापायी बाईचं माप चुकलं. तेवढंच असतं तर मी त्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते का? मला वाटतं, झाले असते. पण नक्की सांगता येत नाही, कारण मी तशी वेळच येऊ दिली नाही.

अर्ध्या तासात दीडशे माणूस जमा झालं. होडीवाल्यानं बाबीला दोन-तीन लगावल्या. त्यानं हात वर केला नाही, नुसता म्हणत राहिला, “वैनीक इचारा, वैनीक इचारा.” पोलीस आला. पंचनामा सुरू झाला आणि पोलिसानं मला विचारलं, “ताई, तुम्ही इथंच होतात. काय झालं?”

आम्ही घरात मालवणी बोलतो. पण कचेरीतला माणूस समोर आला की आमची भाषा आपोआप सरळ होते. माझीही झाली. स्वच्छ, पुस्तकातल्यासारख्या मराठीत मी म्हटलं, “मी त्यांना थांबा म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.”

आवाज जरासुद्धा कापला नाही. याचंच मला पुढं कितीदा नवल वाटलं आहे. खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात ना? मी नाही अडखळले.

बाबी माझ्याकडे वळला. “वैनी! तुमीच म्हणालात मा, जा म्हणान!”

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आता वैनीवर घालतंस? वैनी खोटा कित्याक बोलतली?” आणि मग सगळेच. होडीवाल्यानंही माझं ‘जा’ ऐकलं होतं, पण भरपाई ट्रान्सपोर्टवाल्याकडूनच मिळायची होती, म्हणून त्यानं ते काढलं नाही. तात्या? तात्यांनी सगळं ऐकलं होतं. ते कुंपणापासून निघून गेले आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. त्यांनी मला उघडं का पाडलं नाही, हे मी विचारायला गेले नाही. सोयीचं होतं ते मला.

बाबीवर केस झाली. ट्रान्सपोर्टवाल्यानं त्याला काढून टाकलं. वैनीनं थांब म्हटलं असताना गाडी घालणाऱ्याला दुसरं कोण कामावर ठेवणार? आणि मी काय केलं सांगू? दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, टेप घेऊन पुलाखाली गेले. नवीन उंची मोजली. परत येऊन खांबावर, पट्टीच्या खाली पाच बोटांवर, खडूनं रेघ मारली. तेव्हापासून माझा अंदाज पुन्हा चुकलेला नाही.

त्याच वर्षी ग्रामसभेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. सरपंच म्हणाले, वाहनचालकांनी वैनींचं ऐकलं असतं तर परवाचा अनर्थ टळला असता. टाळ्या वाजल्या. मी शाल नीट सारखी केली आणि आभाराचे चार शब्दसुद्धा बोलले. चांगलं बोलले. लोक अजून आठवण काढतात.

पण हेही ते नाही. पोलिसासमोर, दीडशे माणसांसमोर घाबरून तोंडातून निघून गेलं, असं म्हणता येईल. म्हणता येईल ना? जे म्हणता येत नाही ते त्यानंतरचं आहे.

अपघातानंतर महिन्याभरानं मंगल आली. दुपारची. एकटी. मला वाटलं, शिवायला टाकलेला ब्लाऊज न्यायला आली. तिनं ब्लाऊजचं नावही काढलं नाही. जमिनीवर बसली, माझ्या मशीनच्या पायाशी, आणि म्हणाली, “वैनी, माका एकदाच सांगा. ते म्हणतत, वैनीन जा म्हटल्यानी म्हणान मिया गेलंय. सगळो गाव म्हणता, ते खोटा बोलतत. तुमी सांगश्यात ता मी खरा मानतलंय. परत इचारूचंय नाय.”

घरात आम्ही दोघीच होतो. पोलीस नाही, गर्दी नाही. मी खरं सांगितलं असतं तर ती बाहेर ओरडत गेली असती का? नाही. मंगल तशी नव्हतीच. तिला फक्त घरी जाऊन नवऱ्याच्या ताटात भात वाढताना त्याच्या तोंडाकडे बघता यायला हवं होतं. तेवढंच तिला पाहिजे होतं.

आणि मला वाटलं, नुसतं ‘मी थांब म्हटलं होतं’ पुरणार नाही. ती नवऱ्याला ओळखते. तो सावध माणूस आहे, ऐकणारा माणूस आहे, हे तिला माहीत आहे. माझं खोटं टिकायचं तर त्याला कारण पाहिजे. कापडाला खालून अस्तर लावतात तसं.

मी मशीन थांबवलं. आवाज खाली आणला. “मंगल, आता तुझ्यापासना काय लपवू? तेच्या तोंडाक वास येय होतो.”

ती उठली, लुगडं झटकलं. फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, “बरा झाला सांगलात.” मग गेली.

त्या आठवड्यात ती, नवऱ्याला वासाचं काहीच न बोलता म्हणे, मुलीला घेऊन देवगडला माहेरी गेली. तीन वर्षं गेली. बाबी एकटा राहिला. मला वाटायचं — खरं सांगते — वाटायचं, की तो परत पिऊ लागेल. प्यायला लागला असता तर मी सांगितलेलं निदान मागाहून खरं झालं असतं. मी त्याची वाट बघायची. कुणी त्याच्या वाडीकडून आलं की सहज विचारल्यासारखं विचारायची. तो प्याला नाही. आंब्याच्या हंगामात पेट्यांना खिळे मारायला जायचा, एरवी काजूच्या फॅक्टरीत राखण करायचा. देवगडला सासुरवाडीच्या दारात जाऊन बसायचा म्हणे, कुणी आत घेईना तरी. शेवटी मुलीनंच आईला म्हणे सांगितलं, आता घरी जाऊया, आणि मंगल परत आली. संसार चालू झाला. गाडी त्यानं पुन्हा हातात घेतली नाही.

मंगलनं तो ब्लाऊज कधी नेला नाही. कपडे ती दुसरीकडे शिवायला टाकायची. वाटेत भेटली तर हसायची मात्र, आणि हसण्यात कसलाच राग नसायचा. मी तिला खरं सांगणारी बाई होते ना!

हे सगळं मागं पडलं असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायची. बारा वर्षं म्हणजे काय कमी झाली? माझी पोरं मोठी झाली, नवरा निवृत्त झाला, ट्रक अजूनही येतात आणि अजूनही मला विचारतात. मी स्वतःला सांगायची की मी तेव्हा घाबरले होते, आता घाबरत नाही. आता तशी वेळ आली तर मी सरळ खरं सांगून टाकीन. माझा तसा पक्का विश्वास होता.

गेल्या महिन्यात बाबी आला.

मुलीच्या लग्नाचं निमंत्रण घेऊन. केस पांढरे झालेले, शर्ट इस्त्रीचा. चपला फाटकाबाहेर काढल्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. अक्षता देऊन झाल्या, पत्रिका देऊन झाली, तरी तो उठेना. पाण्याचा तांब्या हातात फिरवत बसला. नवरा बाजारात गेला होता. घरात पुन्हा आम्ही दोघंच.

मला कळलं, आता हा विचारणार. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, विचार. आज सांगते. मनात वाक्यसुद्धा तयार झालं होतं.

तो म्हणाला, “वैनी, इतकी वर्सां माका वाटा होता, तुमी जा म्हटल्यात. कोणाक पण इचारा, मिया तसाच सांगा होतंय. पण आता वाटता, तुमी थांबच म्हणाला असतल्यात. गाडयेचो आवाज होतो. माझ्याच कानान जा आयकल्यान.” त्यानं तांब्या खाली ठेवला. “तुमका चार माणसांत खोटा पाडलंय. चेडवाचा लगीन आसा, मनात काय रवाक नको. माफी करा माका.”

इंजिन बंद होतं त्याचं, मी ‘जा’ म्हटलं तेव्हा. काठी हातात घेऊन तो खाली उभा होता, माझ्यापासून दहा पावलांवर. कसला आवाज असणार? पण बारा वर्षं गावानं सांगितलं, बायकोनं सांगितलं, आणि शेवटी त्यानं आपल्या कानांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

माझं वाक्य तयार होतं. तोंडाशी होतं. आणि मी म्हटलं, “जाव दे रे बाबी. झाला ता झाला. मिया कधीच मनात धरूक नाय.”

मी त्याला माफ केलं.

त्याचे डोळे भरून आले. तो वाकून माझ्या पाया पडला — वयानं माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठाच असेल — आणि मी पाय मागं घेतले नाहीत. मुलीचं कल्याण होवो, म्हटलं. लग्नाला नक्की येते, म्हटलं. गेलेही. पहिल्या पंगतीत मंगलनं मला हाताला धरून बसवलं.

या वेळी पोलीस नव्हता, लोक नव्हते, अब्रू जायची भीती नव्हती. तो तर निघाला असता तसाच समाधानानं, मी खरं बोलले असते तरी, कदाचित जास्तच. मी घाबरले नव्हते. तो माझी माफी मागत होता आणि मला ते ऐकायला चांगलं वाटत होतं, म्हणून मी गप्प राहिले.

तो उठून पायऱ्या उतरला, फाटकापाशी चपला पायात घातल्या आणि पुलाखालून चालत पलीकडे निघाला. माझा आवाज खणखणीत आहे; पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सहज ऐकू गेला असता. मी पायरीवर उभी राहून तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. हाक मारली नाही.